राव सर कोणत्या गाडीवर गेले

कुंभकोणमच्या एका हायस्कुलात त्यागराज राव यांनी तेहतीस वर्षं भूगोल शिकवला. फळ्यावर हिमालय काढावा तर राव सरांनीच. खडू एकदा टेकला की पश्चिम टोकापासून पूर्व टोकापर्यंत न उचलता ओढायचे. आणि हा गृहस्थ स्वतः तिरुपतीच्या वर कधी गेलेला नव्हता. आता बोला!

एकदा नववीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, तुम्ही बर्फ बघितलाय?" वर्ग हसला, सरही हसले, पण ते मनाला लागलं. त्याच वर्षी त्यांनी मोटारसायकल घेतली. चारचौघांसारखी नाही, तर दगडधोंड्यांतून जाणारी, उंच, सडपातळ. एंड्युरो म्हणतात तसली. कोणी घेईना म्हणून कंपनीने ते मॉडेल लवकरच बंद केलं. सर मात्र तेरा वर्षं तिच्यावरच शाळेत जात राहिले. निवृत्त झालो की हिच्यावर बसून हिमाचलात स्पितीला जायचं, हे त्यांचं पक्कं ठरलेलं होतं. कार्बोरेटर कसा उघडायचा, क्लचची तार कशी बदलायची, हे सगळं ते हळूहळू शिकले होते.

मे महिन्याच्या शेवटी हार, शाल, भाषणं झाली. ऑगस्टअखेर निघायचं ठरलं. आणि जूनमध्ये गाडी रुसली.

पहिल्यांदा बंद पडली ती तिरुप्पनंदाळच्या अलीकडे. वीसेक मैलही झाले नसतील. सरांनी पेट्रोल आहे ना, हे टाकी उघडून पाहिलं, झाकण लावलं, थोडं थांबले, बटण दाबलं, झाली सुरू. पुढच्या आठवड्यात तंजावरच्या रस्त्यावर तेच. मग आणखी एकदा. शंकरनारायण मेकॅनिकने प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला, आणि त्याच्या दारात गाडी तासभर टाकीचं झाकण उघडं ठेवून शहाण्या मुलीसारखी चालली. तो हात पुसत म्हणाला, "सर, वय झालं आता तिचं."

हे वाक्य सरांना झोंबलं. सगळे हल्ली त्यांच्याबद्दलही हेच म्हणत होते.

चेन्नईहून मुलीचा, नित्याचा, फोन आला. "अप्पा, नवी घ्या. तिला कार्बोरेटर नाही, चढावर दम लागत नाही, घसरायला लागली तर ब्रेक आपोआप सांभाळतो. बिघाड झाला तर पडद्यावर लिहून येतो."

"आणि लिहून आलं की दुरुस्त कोण करतो?"

"शोरूम."

"स्पितीत शोरूम कुठे आहे गं?"

"आणि जुनी दरीच्या तोंडाशी बंद पडली तर? मी इथे बसून काय करू?" नित्याचा आवाज फुटला. पोरीचं चूक तरी काय होतं? सरांनी नवीवर एक फेरी मारून पाहिली. खोटं कशाला बोला, गाडी लोण्यासारखी होती. पण बसल्यापासून उतरेपर्यंत त्यांना पाहुण्याच्या घरी जेवायला बसल्यासारखं वाटलं. तरीही त्यांनी होकार दिला. शनिवारी जुनी देऊन नवी आणायची ठरली.

शुक्रवारी सकाळी सरांच्या बायकोने, वसंताबाईंनी, गाडीची पूजा केली. जूनपासून दर शुक्रवारी त्या करत होत्या. दिव्याला चंदन-कुंकू, हँडलला फुलं, आणि टाकीच्या झाकणावर चंदनाचा चांगला जाड गोळा. "तें अगदी तुमच्या पोटाशी येतें," म्हणायच्या. सर मग शेवटची फेरी म्हणून बाहेर पडले.

तिरुप्पनंदाळच्या पुढे शेतांमध्ये गाडी बंद पडली. आजूबाजूला ना बस, ना लॉरी. सरांनी सवयीने झाकण उघडलं, आणि त्या शांततेत टाकीने जोरात श्वास ओढल्याचा आवाज ऐकू आला. सर तसेच उभे राहिले. पेट्रोल खाली उतरायचं तर वरून हवा आत जायला हवी. त्यासाठी झाकणाला सुईएवढं भोक असतं. त्यांनी झाकण उन्हात धरलं. भोक कुठेच नव्हतं. होतं ते वाळलेलं चंदन, थरावर थर, आठ शुक्रवारांचं.

भूगोलाचा मास्तर, हवेचा दाब मुलांना शिकवून म्हातारा झालेला! सरांना स्वतःचीच लाज वाटली, आणि लगेच इतका आनंद झाला की डोळे भरून आले. गाडी म्हातारी झालेली नव्हती. तिचा श्वास कोंडला होता, एवढंच. आणि आपण मात्र दोघांचंही वय झालं हे मुकाट्याने मानून बसलो होतो.

दर चार मैलांवर झाकण उघडत ते घरी पोचले. अंगणातूनच म्हणाले, "वसंता, केसांतली एक पिन दे."

भोकातून चंदनाचा भुगा पडला. वसंताबाई बघत राहिल्या. त्या खुळ्या नव्हत्या.

"म्हणजे मीच बंद पाडत होतें?"

सरांनी भोकात एक फुंकर मारली.

"मला भीती वाटते हो," त्या पायरीवर बसल्या. "जाऊ नका म्हणायला तोंड उघडेना. तेरा वर्षं तुम्ही नकाशा पाहात होता, तें मला दिसत नव्हतें का? म्हणून देवाला सांगत होतें. भीती वाढली तसें चंदनही वाढलें."

सर त्यांच्या शेजारी बसले.

"नवी घ्यायची तर अजूनही घेऊ," सर म्हणाले. "तुझ्या जिवाला घोर नको."

"नवीचें काय बिघडलें तें तुम्हाला कळेल?"

"नाही."

"आणि हिचें?"

"हिचं कळतं. उशिरा का होईना, पण कळतं."

वसंताबाईंनी पदराने झाकण लख्ख पुसलं. नित्याला फोन त्यांनीच लावला, तिचं रागावणं, रडणं सगळं ऐकून घेतलं, आणि शोरूमला नको म्हणून कळवायला सांगितलं. निघायच्या दिवशी त्यांनी गाडीला बोटही लावलं नाही. चंदन लावलं ते सरांच्या कपाळाला. मग अंबाड्यातली पिन काढून हत्यारांच्या पिशवीत टाकली.

"असूं द्या," त्या म्हणाल्या. "बंद पडली तर लागेल."