गुरुजींचा कुत्रा

मी सर्वांत जास्त कोणाचा ऋणी असेन, तर काटोलच्या शाळेतल्या माझ्या गुरुजींचा. सातवीनंतर बाबा मला शेतात घालणार होते. तेव्हा गुरुजी सायकलने आमच्या गावी आले, ओट्यावर बसले आणि बाबांनी हो म्हणेपर्यंत उठले नाहीत. पुढे कॉलेजात कोणते विषय घ्यावेत, कोणती नोकरी धरावी, लग्नाला होकार द्यावा की नाही, हे सगळं मी त्यांना विचारूनच केलं. आमच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. विचारायला दुसरं होतं कोण?

सत्तरच्या दशकात गुरुजी निवृत्त झाले. त्यांच्या पत्नी आधीच वारल्या होत्या. मुलाने त्यांना पुण्याला नेलं, पण त्याच्या क्वार्टरमध्ये कुत्रा चालणार नव्हता. तो म्हातारा तांबडा गावठी कुत्रा गुरुजींनी माझ्याकडे नागपूरला, महाल भागातल्या माझ्या दोन खोल्यांत, आणून सोडला. "दिवाळीला येतो मी याला भेटायला," एवढंच म्हणाले आणि त्याच्याकडे न बघता रिक्षात बसले.

पावसाळा लागला तसे त्याचे मागचे पाय जायला लागले. आधी पायऱ्या चढताना घसरे, मग फरशीवर मागचा भाग ओढत चाले. पंजे सोलून रक्त येई. पत्नीने जुन्या लुगड्याचा पट्टा शिवला. तो पोटाखालून घालून मी त्याचं मागचं अंग उचलून धरायचो आणि तो पुढच्या दोन पायांवर गल्लीच्या टोकापर्यंत जायचा.

"काय साहेब, वरात काढून राहिले का कुत्र्याची?" समोरचा पानवाला रोज विचारायचा. त्याच्या दुकानाशी बसलेला एक म्हातारा एकदा म्हणाला, "बापाचं एवढं करशील का गा?"

बाबा त्याच आठवड्यात गावाहून येणार होते.

बाबांनी कुत्रा पाहिला आणि ते हळहळले. गुरुजींचं जनावर म्हणजे त्यांच्यासाठी गुरुजींच्या घरचं माणूसच. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेलो, पत्नी नळावर होती. तेवढ्यात त्यांनी शेगडीवर चिमटा लाल केला आणि बैलाचा पुठ्ठा भरला, मागचं अंग आखडलं, की डागतात तसे कुत्र्याच्या कमरेवर दोन्ही बाजूंनी डाग दिले. ओरडणं नळापर्यंत ऐकू आलं. पत्नी धावत आली तेव्हा बाबा त्याचं तोंड धरून बसले होते.

"काहून भेतं वं पोरी? बैलाले डागलं का तो चार दिवसांत जुवाले लागते."

संध्याकाळी मी म्हणालो, "बाबा, हा बैल नाही."

"हाड तं हाडच असते नं गा," ते म्हणाले.

बैलाला शेपूट हलवता येते, कातडी थरथरवून माशा उडवता येतात. या कुत्र्याचं कमरेखालचं अंगच मेलेलं होतं, आणि मान वळवून जखम चाटण्याइतकी पाठ वाकत नव्हती. आम्ही हळद लावली, फडकं बांधलं. हवा दमट होती. आठवड्याभरात फडक्याखाली अळ्या दिसल्या. पत्नी त्या चिमटीने काढायची आणि बाहेर जाऊन ओकायची. त्याने खाणं सोडलं. पट्टा दाखवला तरी उठेना. बाबा गावी परत गेले नाहीत. त्याच्याजवळ बसून ते पंख्याने माशा हाकत राहिले.

शेवटी आम्ही त्याला सायकलरिक्षात घालून ढोरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी फडकं उचललं.

"हे कोणी केलं?"

"म्या केलं," बाबा म्हणाले.

डॉक्टर त्यांना रागावले नाहीत. कणाच गेला आहे, जखम आत उतरली आहे, इंजेक्शन देऊन मोकळं करणं बरं, असं मला म्हणाले. मग विचारलं, "मालक कोण?"

पुण्याला पत्र जायला आणि उत्तर यायला आठवडा सहज गेला असता. तार करता आली असती. पण तारेला उत्तर म्हणून गुरुजींना स्वतःच्या हाताने 'हो' लिहावं लागलं असतं. त्यांना न विचारता मी तोवर काही ठरवलं नव्हतं. बाबा माझ्याकडे बघत होते.

"मीच," मी म्हणालो. "द्या."

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "गुरुजीले लिही. म्या डागलं, थेबी लिही."

त्याच संध्याकाळी मी लिहिलं:

तीर्थस्वरूप गुरुजी,

आपला कुत्रा आज गेला. तो आपणहून गेला नाही. मी दवाखान्यात त्याला इंजेक्शन द्यायला सांगितले. आपल्याला विचारले नाही, कारण विचारले असते तर हो म्हणण्याचे काम आपल्यावर आले असते.

त्याचे मागचे पाय गेले होते. ते बरे व्हावेत म्हणून बाबांनी डागले आणि ती जखम चिघळली. हे लिहायला त्यांनीच सांगितले आहे. दोन दिवस ते जेवलेले नाहीत. शेवटी त्याचे डोके त्यांच्या मांडीवर होते. नाग नदीच्या काठी, उंचावर, आम्ही त्याला पुरले. खड्डा बाबांनी खणला, मला हात लावू दिला नाही.

माझे चुकले असेल तर तसे स्पष्ट लिहावे. दिवाळीला येणे आता आपल्याला जमणार नसेल तर तेही कळवावे. मी पुण्याला येईन आणि हे सगळे आपल्यासमोर बसून पुन्हा सांगेन.

आपला विद्यार्थी