कडीने हाक दिली होती का?

संघात सगळ्या तिला कडी म्हणायच्या, कारण ती मागे उभी असली की दार बंद. बारा वर्षं ती देशासाठी फुटबॉल खेळली, त्र्याऐंशी सामने. गोल दोनच, त्यातला एक स्वतःच्याच जाळ्यात, आणि लोकांच्या लक्षात नेमका तोच. बचावपटूचं नशीबच असलं. सकाळी टपाल कचेरीत पत्रं निवडायची, दुपारी सराव. लहानपणी भावाच्या टोळीत एक गडी कमी पडला म्हणून हिला मागे उभी केली होती, "कोणी आलं तर आडवी हो," एवढंच शिकवून. तेवढ्या शिदोरीवर ती चौतिशीला पोचली.

काम ऐकायला सोपं. मागच्या चौघींनी एका रांगेत राहायचं. मधलीने, म्हणजे कडीने, "वर!" अशी हाक दिली की चौघींनी एकदम दोन पावलं पुढे यायचं. मग समोरच्या संघाची खेळाडू त्यांच्या मागे एकटी उरते, ऑफसाइड ठरते, तिचा गोल धरत नाहीत. एक जरी जागेवर राहिली तरी सगळ्यांच्या कष्टांवर पाणी.

गेल्या सामन्यात अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला तिघी पुढे आल्या आणि नवी आलेली धाकटी जागेवरच राहिली. गोल झाला, सामना गेला. पेपरवाल्यांनी धाकटीला धारेवर धरलं. परतीच्या सामन्यातून कोचबाई कोणाला तरी काढणार, हे उघड होतं.

"ताई, शपथेवर सांगते, तुम्ही हाक दिलीच नाहीत," धाकटी रडत म्हणाली.

"दिली नाही म्हणजे? बारा वर्षं मी काय गवत उपटत होते?" कडी भडकली, आणि उरलेल्या दोघींना साक्षीला घेऊन आली. त्या दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या.

"आम्ही हाक कुठे ऐकतो गं? तुझा खांदा हलला की निघतो. आठ वर्षं तसंच चाललंय."

चित्रफीत पाहिली तर कॅमेऱ्याकडे तिची पाठ. आता आली का पंचाईत!

घरी वडील शिलाईच्या मशीनवर बसले होते. तिने विचारलं, "बाबा, जेवायला वाढल्यावर मी तुम्हाला हाक मारते ना?"

"कशाला मारशील? दारात येऊन उभी राहतेस. मी उठतो."

"'बाबा, वाढलंय' असं म्हणत नाही मी?"

"कधी म्हणालीस?" वडिलांनी दोरा तोडला आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "तुझी आई गेल्यापासून तर नाहीच."

रोज म्हणते, हे कडीने पैजेवर सांगितलं असतं. तिला भीती वाटली, अगदी लहान मुलाला वाटते तशी.

दुसऱ्या दिवशी सरावाआधी तिने गोलरक्षक मुलीला मागे उभं केलं. हाक दिली, पुढे आली. घशात जाणवली होती ती हाक.

"दे की आता," गोलरक्षक म्हणाली.

"दिली ना!"

"कधी?"

मग ती अशी ओरडली की मैदानाला पाणी मारणाऱ्याच्या हातून नळी सुटली. ही हाक पोचली. पण त्या दिवशीची यातली कोणती, ते काही केल्या उमगेना.

ती तशीच कोचबाईंच्या खोलीत गेली. त्या परतीच्या सामन्याची यादी लिहीत होत्या.

"मॅडम, धाकटीला काढू नका. चूक माझी असेल."

"असेल की आहे?"

"तेच तर कळत नाही. मी दिली असं मला वाटतं. मला तर रोजच वाटतं."

कोचबाई यादीकडे वळल्या. त्यांनी धाकटीचं नाव लिहिलं. मग पेन हातातच धरून हलक्या आवाजात म्हणाल्या, "आणि तू? मधे उभी राहशील? हो म्हणालीस तर आत्ता लिहिते."

कडीने उत्तर दिलं. कोचबाई पेन धरून तिच्या तोंडाकडे बघतच राहिल्या.

"सांगतेस ना?" त्यांनी विचारलं.