अप्पांचा भूकंपरोधक हॉल

माझ्या वडिलांनी आयुष्यात एकही भूकंप पाहिला नाही, पण घरातला हॉल मात्र त्यांनी भूकंपाला विचारूनच लावला. त्र्याण्णव साली लातूरकडे जमीन हादरली तेव्हा आम्ही नाशकात तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. तिकडच्या लोकांनी घरं गमावली, माणसं गमावली. अप्पांनी वर्तमानपत्रातले फोटो पाहिले आणि दुसऱ्या दिवसापासून ते स्वतःलाच भूकंपग्रस्त समजायला लागले. मला त्याची तेव्हाही चीड यायची, आजही येते.

पहिला बळी शोकेसचा गेला. त्यातल्या बाहुल्या आणि शंखशिंपले खोक्यात गेले आणि शोकेस चक्क जमिनीवर आडवी निजवली. "पडलेली वस्तू परत पडत नाही," असं म्हणून अप्पा स्वतःच्या अकलेवर खूश झाले. मग टीव्ही जमिनीवर आला. आलेले पाहुणे शाळेत शिक्षा झाल्यासारखे मान खाली घालून बातम्या बघायचे. माळ्यावरच्या ट्रंका डोक्यात पडतील म्हणून खाली आल्या. आणि सगळ्यात शेवटी हॉलच्या मधोमध एक सागवानी टेबल येऊन बसलं. हमालांनी ते अप्पांच्या तोंडावर शिव्या घालत जिन्याने चढवलं. ते जेवायचं टेबल नव्हतं. ते खाली शिरायचं टेबल होतं.

आता तो हॉल काही एकट्या अप्पांचा नव्हता. दुपारी तिथे आईचा शिवणक्लास भरायचा. कॉलनीतल्या मुली यायच्या, दोघी-तिघी सिन्नरहून एसटीने यायच्या, आणि सतरंजीवर ओणव्या होऊन आधी वर्तमानपत्राच्या कागदावर, मग कापडावर ब्लाऊज बेतायच्या. बेतायला मोकळी फरशी लागते, आणि ती टेबलाने गिळली होती. मुलींनी एकमेकींच्या ओढण्या कापायच्याच काय त्या बाकी राहिल्या होत्या. क्लासमुळे बाहेर आईला मान होता. घरात तिला कोणी कशात विचारत नव्हतं. क्लास बंद पडला तर आपण कुठल्याच नाही, ही तिची भीती होती, आणि त्या घरात तेवढी एकच भीती खरी होती.

अप्पांना त्याचं काय! ते रजेच्या दिवशी दुपारी स्टीलच्या ताटावर पळी बडवायचे. ताट वाजलं की सगळ्यांनी टेबलाखाली शिरायचं, क्लासच्या मुलींनीसुद्धा. मुली खिदळत शिरायच्या. एकीचा भाऊ तिला न्यायला आला आणि त्याने आपली बहीण चार पायांवर टेबलाखालून बाहेर येताना पाहिली. ती पुन्हा आली नाही. तिच्या पाठोपाठ तिच्या मैत्रिणीही गळाल्या. आई नुसती कात्री पुसत बसली.

अप्पांच्या कचेरीत दिंडोरीकडचा एक शिपाई होता. तो एकदा म्हणाला, "साहेब, काल आमच्याकडं भांडी लय वाजली." झालं! अप्पा त्या दिवशी कचेरीतून धावत घरी आले. दुसऱ्या दिवशी त्याच शिपायाने सांगितलं, की शेजारच्या मळ्यात विहिरीला सुरुंग लावले होते. अप्पांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आपल्याला हवी तेवढीच बातमी ठेवून घ्यायची, ही त्यांची जुनी खोड.

पुढे गुजरातेत भूकंप झाला. त्या सकाळी आमचा पंखा हलला, असं अप्पांचं म्हणणं. मी त्याच पंख्याखाली बसले होते, मला काही दिसलं नाही. पण अप्पांनी तिसऱ्या मजल्यावरचा चांगला उजेडाचा फ्लॅट विकला आणि दुसऱ्या कॉलनीत तळमजल्यावर घर घेतलं. दार उघडलं की अंगण, हलली जमीन की पळालो. मागच्या भिंतीला लागून नाला होता. आईने त्याच्याकडे बोट दाखवलं, तर म्हणाले, "नाला काय डोक्यावर पडणार आहे?"

नाला डोक्यावर पडला नाही. काही वर्षांनी गोदावरी फुगली, नाल्याचं पाणी उलट फिरलं आणि भर दुपारी मोरीतून आमच्या हॉलमध्ये आलं. पडू नये म्हणून जमिनीवर ठेवलेलं सगळं तिथे त्याची वाटच बघत होतं. टीव्ही गेला, ट्रंका गेल्या, क्लासच्या उरलेल्या मुलींनी विश्वासाने ठेवलेली ब्लाऊजपिसं एकमेकांच्या रंगात भिजून वाया गेली. टेबल मात्र जागचं हललं नाही. आईचं शिलाई मशीन तेवढं आम्ही दोघींनी उचललं आणि जिना चढलो. अप्पा कठड्याला धरून मागून आले.

त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर सटाण्याकडच्या एक वहिनी राहत होत्या. त्यांनी आम्हाला कोरडे कपडे दिले, भाकरी टाकल्या. त्यांच्या हॉलमध्ये शोकेस उभी होती, सोफे भिंतीला होते आणि मधे नुसती स्वच्छ फरशी. अप्पा दाराच्या चौकटीत उभे राहिले, चौकट म्हणे शेवटी पडते. आई फरशीकडे बघत राहिली. घर बुडालं त्याच दिवशी तिने वहिनींना विचारलं, की दुपारी इथे क्लास घेतला तर चालेल का. वहिनी हसून आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "विचारतस काय, हॉल तुमनाच शे."

अप्पा चौकटीतूनच कडाडले. "तिसऱ्या मजल्यावर? उद्या काही झालं तर मुलींच्या जिवाला जबाबदार कोण?"

"अहो," आई म्हणाली, "तुमच्या हॉलमध्ये जीव वाचवायची सोय आहे. बसायची नाही."

इतक्या वर्षांत त्यांना कोणी असं उत्तर दिलं नव्हतं. मला मनापासून आनंद झाला, आणि तो मी लपवला नाही.

चिखल निघाल्यावर आई रोज जेवणं उरकली की वर जाऊ लागली. वरच्या मजल्यांवरच्या सुनाही शिकायला बसल्या. अप्पा तो जिना पुन्हा कधी चढले नाहीत. चारच्या सुमाराला ते जिन्याच्या तळाशी येऊन उभे राहायचे आणि मान वर करून हाक मारायचे, "अगं, चहाचं काय?" वरून फक्त मशीन चालल्याचा आवाज यायचा.