सर्दीचं घड्याळ

माझ्या संशोधनाला आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, परस्पर नाव देऊन टाकलं होतं: सर्दीचं घड्याळ. चूक माझीच. त्यांच्या मनगटावरच्या आकडेवाल्या घड्याळाकडं बोट दाखवून मीच सांगितलं होतं, की ह्या काचेमागं जे द्रव स्फटिक असतात तसलेच मी परभणीच्या प्रयोगशाळेत वापरते. काचेवर त्यांची रांग सरळ असली की सूक्ष्मदर्शकाखाली सगळं काळं दिसतं. विषाणू येऊन चिकटला की रांग मोडते आणि तिथं उजेड दिसतो. अर्ध्या तासात निकाल. मग काय, पिंगळी स्टेशनवर चहाला भेटेल त्याला आबा सांगायचे, "आमची लेक सर्दीचं घड्याळ बनवायलीय." मला लाज वाटायची. आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटायचं.

त्या हिवाळ्यात आबांना ताप आला, खोकला लागला. आई दवाखान्यात चला म्हणून मागं लागली, पण हे हटून बसले. "घरचं मशीन असताना दवाखाना कशाला?" मीही मोठी शहाणी. प्रयोगशाळेतल्या सरांना न विचारता आबांच्या नाकातला नमुना घेतला आणि सकाळच्या गाडीनं परभणीला नेला. काच काळीकुट्ट राहिली. दोनदा केलं, दोन्ही वेळा तेच.

दुपारी फोन लावला.

"काय निघालं गं?"

"काही नाही, आबा."

"मी म्हणलोच होतो तुझ्या आईला," ते म्हणाले आणि खोकत खोकत हसले.

माझ्या काचेवर फक्त फ्लूच्या विषाणूला धरणारा थर होता. दुसरा कुठलाही विषाणू असता तरी ती काळीच राहिली असती. हे त्या घरात माझ्याशिवाय कुणाला ठाऊक होतं? म्हणायचं होतं "फ्लू नाही". तोंडातून गेलं "काही नाही". बोलायच्या सवयीनं, दुसरं काय.

आईनं पुन्हा रिक्षा बोलवायचं काढलं, तर आबा म्हणाले, "लेकीनं तपासलंय. काही न्हाई म्हणलीय." असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी त्यांना एका दमात एक वाक्य पुरं करता येईना, तेव्हा परभणीला आणलं. करोना निघाला. डॉक्टर म्हणाले, लय उशीर केलात. दुसऱ्या दिवशी आबा गेले.

काचेचं काही चुकलं नव्हतं, ह्याचाच जास्त राग येतो. ती खोटं बोलली असती तर तिला फोडून तरी टाकलं असतं.

आता कुणी भेटायला आलं की आई सांगते, "काही नव्हतं हो. लेकीनं मशीनवर बघितलं होतं. एकदम झालं." सांगताना माझ्या पाठीवरून हात फिरवते. मी खाली मान घालून बसते. परवा तिनं ताट पुढं सरकवत विचारलं, "काय झालंय गं? जेवत का न्हाईस?"

काही नाही, म्हणलं.