शेवटचं कडवं लोकांचं

बाबांनी त्या गोऱ्या गायकाला नापास केलं, तेव्हा आम्ही गोंदियाच्या स्टेशनवर तिरोड्याच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. इयरफोनचं एक टोक त्यांच्या कानात, दुसरं माझ्या. त्यांच्या मांडीवर दवाखान्याची पिशवी होती आणि पिशवीत त्यांच्या गळ्यातल्या गाठीचा रिपोर्ट.

"याले घरी जाची घाईच नाई," बाबा म्हणाले. आवाज तोवर इतका बसला होता की बाजूच्या बाईनं वळून पाहिलं. "याचं घर पक्कं हाय. दार लागलं त याचं काय बिघडते?"

गाणं अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं, जुनं. तिकडं या प्रकाराला सोल म्हणतात. एक माणूस फार दुरून चालत येतो आहे आणि घरच्यांना सांगतो आहे की दार उघडं ठेवा. त्यात एवढंच आहे. अर्थ मी बाबांना मागेच सांगितला होता. मूळ गायक काळा, चर्चमध्ये गाऊन तयार झालेला. नंतर ते कितीतरी जणांनी गायलं. या गोऱ्यानं मागं व्हायोलिनांचा ताफा बसवून त्याची लग्नाच्या हॉलमध्ये वाजण्यासारखी गत केली होती.

डॉक्टर तासाभरापूर्वी जे बोलायचं ते बोलून मोकळे झाले होते. "स्वरयंत्र पूरा निकालना पड़ेगा. नागपुर में होगा. आवाज जाएगी, जान बचेगी. देर मत करो." बाबांनी एकच विचारलं, "थोडी भी नहीं रहेगी?" डॉक्टरांनी नाही अशी मान हलवली. बाबा उठले, जय भीम म्हणाले, आणि बाहेर व्हरांड्यात मला म्हणाले, "नाई कराचं."

मी पुन्हा विचारलं, तर तेच. "नाई म्हंजे नाई. चाल, गाडी सुटन."

बाबा राईस मिलमध्ये पोत्यांची तोंडं शिवत. पण तिरोड्यापासून सौंदडपर्यंतच्या वस्त्यांमध्ये त्यांना ओळखत ते गायन पार्टीचे मुख्य गायक म्हणून. पेटी, ढोलक, बेंजो आणि मागे कोरस. जयंतीचा महिना आला की मिलमध्ये खाडे आणि घरात भांडण ठरलेलं. प्रत्येक कार्यक्रमाहून येताना ते पत्रकं आणत. सभेची, मोर्च्याची, शिबिराची, कुणीतरी स्वतःच्या पैशानं छापलेली आठ पानी पुस्तिका. मी वाचायला शिकले ती त्यांवरच. शाळेतला धडा मला मिळमिळीत वाटे, कारण त्यात कुणी कुणाला जाब विचारत नसे. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या लढ्याची आणि गाण्यांची माहितीसुद्धा मला पहिल्यांदा अशाच एका पिवळ्या पडलेल्या पुस्तिकेत मिळाली. पुढे फोन आला तेव्हा मी ते गाणं शोधलं, मग त्याचे सगळे गायक शोधले. बापलेक मिळून त्यांना पास-नापास करणं हा आमच्या घरातला खेळ झाला.

ऑपरेशनला बाबा नाही म्हणाल्यावर माझ्याकडं तोच खेळ उरला होता. माणसाला पटवायचं तर मुद्दा लागतो, असं मला बाबांनीच शिकवलेलं. रडून, पाया पडून काही मागायचं नसतं. मी मुद्दा शोधला. त्या गाण्याच्या मूळ गायकानं म्हातारपणी ते पुन्हा गायलं होतं. आवाज पार मोडलेला. वरचा सूर लागत नाही, तिथं तो नुसता श्वास सोडतो. तरी तरुणपणीच्या गाण्यापेक्षा मला ते मोठं वाटे. तरुण आहे तोवर तो दार उघडं ठेवा असं सांगतो. म्हातारा झाल्यावर त्याला माहीत आहे की दार कदाचित लागलेलं असेल.

घराच्या ओट्यावर मी बाबांना दोन्ही ऐकवली, एकामागून एक. समोर दूर औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या, अंगणात माय तांदूळ पाखडते आहे. आधी मी भूमिका मांडली. आवाज म्हणजे गायक नव्हे, गायकाचा अनुभव म्हणजे गायक, शरीर मोडलं तरी विचार...

"भाषन नोको देऊ," बाबा म्हणाले. "लाव."

ऐकून झाल्यावर ते बराच वेळ बोटानं ओट्यावर ठेका धरून बसले. मग म्हणाले, "मानूस भारी हाय. पन पोरी, त्याचा मोडला हाय. माह्या त काढूनच टाकून राहिले ना! मोडलेल्या पेटीवर वाजवता येते. पेटीच नाई त मी काय वाजवू, टेबल?"

सूप थांबवून माय म्हणाली, "तमाखूचा खर्रा खाताना गळा आठोला नाई का? तवा त खिशात पन्नी घेऊन फिरे हा मानूस."

"तू मधात नोको बोलू वं."

"काऊन नोको बोलू? गानं गेलं त गेलं. मले मानूस पायजे. मी का गान्यासंग लगन केलं?"

"गान्यासंगच त केलं. सौंदडच्या कार्यक्रमात पाहून हो म्हनलं होतं तुनं."

"मी गानं नाई पाहिलं," माय म्हणाली, "कोट पाहिला होता. तोबी मांगून आनला होता, हे मंग समजलं." आणि हसता हसता सूप तिथंच टाकून आत गेली. आत ती बराच वेळ भांडी घासत राहिली. सकाळची भांडी केव्हाच घासून झाली होती.

दिवस जात होते तसा बाबांचा आवाज आणखी खाली जात होता. भात गिळताना ते थांबत. मी आणखी गायक आणले. एक बाई होती, फक्त पियानोवर, इतकी सावकाश गाणारी की ओळ संपेपर्यंत आपला श्वास अडकतो. बाबांनी तिला पैकीच्या पैकी दिले आणि ऑपरेशनला नाही म्हटलं. कुण्या पोरांच्या बँडनं ते धडधडीत चालीत गायलं होतं. "हे घरी जाऊन राहिले का घर पेटवाले?" म्हणाले आणि पुन्हा नाही. मग एका दुपारी माझे मुद्दे संपले. मी ओट्यावरच त्यांचे पाय धरले. ज्या माणसानं मला आयुष्यात कुणाच्या पाया पडू दिलं नाही, त्याचे पाय धरून मी म्हटलं, "बाबा, मले गानं नोको. मले तुमी पायजे. मुके व्हा, काहीबी व्हा." त्यांनी पाय ओढून घेतले. "उठ," म्हणाले, "हे कोनं शिकोलं तुले?" त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, मी त्यांचं उरलेलंही काढून घेतलं.

मी आत निघून आले. फोन ओट्यावर तसाच राहिला, आणि एक गाणं संपलं की दुसरं आपोआप लागतं, तसं लागलं. हे मी केव्हाच नापास केलेलं होतं. त्या मूळ गायकाचा, एका भरलेल्या सभागृहातला कार्यक्रम. रेकॉर्डिंग खराब, लोकांचा गोंगाट, आणि शेवटच्या कडव्याला तो गातच नाही. मला त्यात निव्वळ आळस दिसला होता. शब्दसुद्धा धड कळत नाहीत, असल्या गाण्याचा उपयोग काय?

"पोरी," बाहेरून बाबांनी हाक मारली. "हे कोन म्हनून राहिलं?"

"लोकं."

"आन् तो?"

"तो गप्प हाय. माइक लोकाईकडे धरला त्यानं."

"वापस लाव."

मी लावलं. ते पुढं वाकून, फोन कानाशी धरून ऐकत राहिले. ते त्यांना पुन्हा का ऐकायचं होतं, हे मला तेव्हा कळलं आणि इतक्या दिवसांत मला कसं आठवलं नाही, याचा रागही आला. आमच्या पार्टीची रीत तीच होती. कार्यक्रमाचं शेवटचं गाणं ठरलेलं असे, आमच्याच भागातल्या एका म्हाताऱ्या शाहिरानं बांधलेलं. त्याच्या शेवटच्या कडव्यात फक्त एवढंच आहे की वस्तीतली सगळी लेकरं आली आहेत, पाट्या घेऊन आली आहेत, आता शिकवा. ते कडवं गायकानं गायचं नाही. तो पेटीवरचा हात वर उचलतो, कोरसही गप्प होतो, आणि समोर बसलेले लोक ते म्हणतात. लोकांनी म्हटलं नाही तर कार्यक्रम पडला असं समजायचं, मग गायक कितीही चांगला गायलेला असो.

"बाबा, हेच त," मी म्हटलं. "तुमीबी शेवटी गप्पच राह्यता ना."

"हो," ते म्हणाले. फोन माझ्या हातात दिला. "पन त्याच्यासमोर किती लोकं हायत पाय. माह्यासमोर कोन हाय? आता जयंतीले डीजे येते. पोट्टे नाचतेत. ते कडवं कोनाले येते, सांग."

हा मुद्दा खरा होता. पार्टी बंद पडून काही वर्षं झाली होती. बेंजोवाले वारले, पेटी भाड्यानं गेली ती परत आली नाही. तरी मी ढोलकवाल्या काकांकडं गेले. बाबांचे जुने साथीदार, आता बिरसीकडं लेकाच्या घरी राहतात. मी काय मागते आहे ते ऐकून काका म्हणाले, "गळ्यात असं असताना गाववता का त्याले? डॉक्टर मारन मले." मग थोड्या वेळानं, "कोनत्या दिवशी?"

रविवारच्या वंदनेनंतर आमच्या विहारात लोक थोडा वेळ थांबले. थांबा म्हणून मी दारात उभं राहून प्रत्येकाला सांगत होते, चक्क वाट अडवून. बाया होत्या, काही म्हातारे, फोन पाहत भिंतीला टेकलेली पोरं. पेटी मिळाली नाही. काकांचा ढोलक आणि बाबा, बस. मी फोन रेकॉर्डिंगला लावून खिडकीत ठेवला.

बाबा गायले. त्याला गाणं म्हणायचं तर म्हणा. सूर फाटत होता, काही शब्द नुसते ओठांवर येत होते. एका जागी खोकला आला आणि काकांनी ढोलकावर तीच ओळ फिरवत ठेवली, ते सावरेपर्यंत. पोरांनी फोनमधून माना वर केल्या. शेवटचं कडवं आलं. बाबांनी उजवा हात वर उचलला. पेटी नव्हती, तरी उचलला. काकांनी ढोलक थांबवला.

कुणीच काही म्हटलं नाही.

मला ते कडवं पाठ आहे. लहानपणी एका पत्रकाच्या मागं छापलेलं वाचलं होतं. पण मला गाता येत नाही, घोषणा देता येतात. बाबांचा हात वरच होता. तेवढ्यात मायनं सुरू केलं. इतक्या वर्षांत ती कधी कार्यक्रमात गायली नव्हती. तिनं फारच उंच धरलं, आवाज चिरकला, तरी सोडलं नाही. पुढच्या ओळीला दोन म्हाताऱ्या बाया तिच्यात मिसळल्या, मग काका. मी शेवटी घोषणेसारखंच ओरडून म्हटलं. पोरं शब्दांच्या मागं मागं पुटपुटत आली. प्रत्येकाचा सूर वेगळा, कुणी पुढं, कुणी मागं. मी ऐकलेल्या सगळ्या गायकांत इतकं वाईट कुणीच गायलं नव्हतं.

बाबांनी हात खाली घेतला. "भल्लं बेसूर," ते काकांना म्हणाले. "पाटीच्या जागी सम होती. सगळ्याईनं चुकोली."

"म्हनलं ना पन," काका म्हणाले.

"म्हनलं," बाबा म्हणाले.

घरी येताना ते मायच्या मागून चालत होते. माय एकदाही वळून पाहत नव्हती. पारापाशी आल्यावर त्यांनी मला विचारलं, "नागपूरले कवा जा लागते?"

हे झालं त्याला आता काही महिने होत आहेत. ऑपरेशन झालं. गळ्याला भोक आहे, त्यातून ते श्वास घेतात, आणि रोग पूर्ण गेला का याचं उत्तर डॉक्टर दर वेळी पुढच्या तपासणीवर ढकलतात. प्रत्येक तपासणीच्या आदल्या दिवशी घरात कुणी धड जेवत नाही. मिलमध्ये धूळ, म्हणून तिथलं कामही गेलं. मी नाही म्हणत की हे बरं झालं. मी त्यांना जगण्यासाठी पटवलं आणि ते गप्प बसून जगत आहेत. एखाद्या सकाळी ते ओट्यावर बसून वीजकेंद्राच्या चिमण्यांकडं असे पाहतात की मला वाटतं, आपण त्यांच्यावर सक्ती केली.

मग ते बोटांनी फोन मागतात. त्यात विहारातलं रेकॉर्डिंग आहे. त्यांचा शेवटचा आवाज माझ्याजवळ तेवढाच. मला तो ऐकायचा असतो, फाटलेला, खोकल्यासकट. पण ते अंगठ्यानं गाणं पुढं सरकवतात, त्यांचा सगळा भाग वगळून, जिथं हात वर केला तिथपर्यंत. आधी ती शांतता, मग मायचा चिरका सूर, मग आम्ही सगळे. पाटीचा शब्द आला की ते ओट्यावर जोरात थाप मारतात, सम इथं होती म्हणून, आणि माझ्याकडं पाहतात. पुन्हा मागं घेतात. म्हण, अशी खूण करतात.

मी म्हणते. पुन्हा चुकते. ते पुन्हा थाप मारतात.