अण्णांचा गुलाब, दुसऱ्याच्या नावावर

फुलांच्या प्रदर्शनात अण्णा एका बाटलीपुढे थांबले ते हलेचनात. मी वळून पाहिलं तर त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. बाटलीत गर्द गुलाबी, दाट पाकळ्यांचं एकच फूल. खाली पुठ्ठ्यावर गडमुडशिंगीच्या एका बागायतदाराचं नाव आणि शेजारी लिहिलेलं, ‘स्वतः तयार केलेली जात’.

“पाकळीचं बूड बघ,” अण्णा म्हणाले. प्रत्येक पाकळीच्या तळाशी पांढरी रेघ होती.

तो गुलाब अण्णांचा, माझ्या वडिलांचा होता. वकिली सांभाळून ते गावठी गुलाबावर एका बंगल्यातल्या काळसर लाल गुलाबाचे पराग घालत, बी धरत, रोपं वाढवत. कितीतरी रोपं उपटून फेकल्यावर हे एक साधलं होतं. त्याचं कलम त्यांनी कुणालाच दिलं नव्हतं. अठ्ठेचाळीस साली दिल्लीतल्या हत्येची बातमी आली आणि जमावानं आमच्या जातीच्या लोकांची घरं पेटवली, त्यात आमचंही गेलं. आम्ही मागच्या दारानं निसटलो. परत आलो तेव्हा अंगणात गुलाबाचं जळकं खोड तेवढं उरलं होतं.

मग हे फूल त्या माणसाकडे आलं कुठून? तो त्या जमावात असेल, हे घरात कुणी बोलून दाखवलं नाही, पण आई म्हणाली, “जाऊ नका. त्यांच्या दारात उभं राहून काय विचारणार तुम्ही?”

रविवारी अण्णा निघालेच. मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते. त्यांना एकटं सोडवेना, म्हणून बरोबर गेले.

बागायतदार धिप्पाड होता. हातातलं खुरपं तसंच धरून विहिरीकडून पुढे आला. “या पावणं. काय काम काढलं?”

“प्रदर्शनातला गुलाब कुठून आणलात?”

“आणतोय कुठनं? मीच केलाय की!”

“कशावर कशाचे पराग घातलेत?”

तो खुरप्याची माती काढू लागला. अण्णांनीच दोन्ही झाडं सांगितली, मग आमची पेठ सांगितली, जळालेलं घर सांगितलं. खुरप्यावरची त्याची मूठ आवळली. गोठ्यापाशी दोन गडी काम टाकून उभे राहिले. मी अण्णांची बाही घट्ट धरली.

“तुम्ही व्हय ते वकील,” तो म्हणाला. खुरपं त्यानं खाली टाकलं. “त्या दिशी मी हुतो तितं.”

“जाळायला?”

“आग म्या न्हाय लावली. पर इझवलीबी न्हाय. समद्यांबरुबर हुबा हुतो. झाड फुलल्यालं. जळंल म्हणून फांदी मोडून घेतली.”

अण्णा एक पाऊल पुढे सरकले. “झाड जळेल हे दिसलं तुम्हाला. आत माणसं असतील, हे नाही आलं मनात?”

त्याच्या बायकोनं पाणी आणलं. अण्णांनी घेतलं नाही.

“फांद्या घिऊन जावा सायेब, लागतील तेवढ्या.”

“फांदी नको. नाव खरं लिहा,” अण्णा म्हणाले आणि चालू लागले.

पुढच्या हिवाळ्यात प्रदर्शनातल्या पुठ्ठ्यावर अण्णांचं नाव होतं आणि त्याखाली ‘वाढवणारा’ म्हणून त्याचं. तो शेजारीच उभा होता. अण्णांनी नमस्कार केला नाही. फुलाखालची पानं उलटून पाहिली.

“पाणी जास्त होतंय,” ते म्हणाले. “पानं पिवळी पडलीत.”

“व्हय सायेब. कमी करतो.”