चार साच्यांचा हात

संप सुरू झाला आणि थोड्याच दिवसांत आमच्या दाराबाहेर कारखाना उभा राहिला. कारखाना हा शब्द आईचा, आणि तो ती दातओठ खाऊनच उच्चारायची. चाळीच्या गॅलरीत बाबांनी कठड्याला एक लांब फळी ठोकली होती आणि तिच्यावर एका वेळी चार कामं मांडलेली असत. एक कॅरम बोर्ड, एक मुका झालेला रेडिओ, आईसाठी पोळपाट, आणि घरच्या गणपतीचं मखर. मखरात पंख्याच्या जुन्या मोटरवर मोर नाचणार होता. हौस दांडगी, पण पुरं काहीच होत नव्हतं.

बाबा गिरणीत साचेखात्यात होते. साचा म्हणजे माग, आणि ते चार साचे सांभाळायचे. तिथला माणूस एका साच्यापाशी थांबत नाही. धागा तुटला की सांधतो, कांडी संपली की बदलतो, पुढे सरकतो. बाबांचं घरीही तेच. बोर्डाला जरा पॉलिश पेपर मारला की रेडिओकडे, तिथून मोराकडे, मग पोळपाट, पुन्हा बोर्ड. दिवसभर नुसत्या फेऱ्या.

"अहो, एक काय ते धड करा ना! परात उपडी घालून चपात्या लाटतेय मी," आई करवादायची.

"एकावर बसलो तर हात जाईल. उद्या गिरणीनं बोलावलं तर चार साचे कोण बघणार? तू?"

त्यांची सगळी भिस्त त्या बोलावण्यावर होती. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, तरी मी शाळेतून आले की चिडवायचे, "काय बाबा, आज कुठला साचा बंद?"

"चल, फूट इथून," बाबा म्हणायचे, पण मनातून खूश व्हायचे.

पुढे संप संपला असं कुणी सांगितलं नाही, नुसती माणसं एकेक करून कामावर जायला लागली. शेजारच्या काकींचे यजमान त्यांतलेच. त्यांच्याकडून बाबांनी खात्यात निरोप धाडला, कुठलीही पाळी द्या, मी तयार आहे.

उत्तर काकींनी आणलं, ते आईकडे. सकाळी गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला, नळावर. मी बादली धरून बाजूलाच होते, तरी मला कान द्यावा लागत होता, इतक्या हळू त्या बोलल्या. "घेणार नाहीत गो त्यांना. खातंच मोडतायत."

आईनं हंडा खाली ठेवला. "त्यांना इतक्यात काही बोलू नका. गणपती होऊ देत."

बाबा फळीपाशी मोर हातात घेऊन आमच्याकडेच बघत होते. आई त्यांच्याकडे बघून हसलीसुद्धा.

त्या दुपारी बाबांनी आतलं स्टूल बाहेर नेलं आणि बसले. पोळपाट हातात घेतला तो संध्याकाळी पुरा करूनच उठले. मग बोर्ड, मग रेडिओ. एक संपल्याशिवाय दुसऱ्याला हात नाही. आईला वाटलं, देव पावला. मला मात्र ते बसलेले बघवत नव्हते. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. मी चिडवणं बंद केलं.

गणपतीत मोर झकास नाचला. अख्खी चाळ बघून गेली. बाबा येणाऱ्या प्रत्येकाला मोटर कशी बसवली ते समजावत होते, प्रसाद देत होते, आरतीत सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच होता.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आई त्यांच्यासमोर जाऊन बसली. पदराचं टोक पिळत म्हणाली, "अहो, एक सांगायचं राहिलंय. गिरणीचं."

"घेणार नाहीत. माहीत आहे मला."

"कोण बोललं?"

"काकीच बोलल्या की, नळावर."

"पण आम्ही तर कुजबुजत होतो!"

"साचेखात्यात कान कुठे चालतात? एवढा खडखडाट. आम्ही आयुष्यभर एकमेकांचे ओठच वाचले."

आईचा आवाज चढला. "आणि इतके दिवस गप्प बसलात? एकटेच? मला एका शब्दानं बोलला नाहीत?"

बाबा मखराचे खिळे उपसत होते. मान वर न करता म्हणाले, "तूच म्हणालीस ना, गणपती होऊ देत."